गिरजाआक्काच्या हातचं पानी

बस्त्यावचं नाक कापलं जावं म्हनून मी रोज प्रार्थना करायची. हसू नका. गुडघे टेकून, हातात माळ धरून, देवाला तोंडावर सांगायची. लोक पीकपानी मागतात, पोरंबाळं मागतात. मी त्या मानसाची फजिती मागायची, आन मागताना माझा आवाज जरासुद्धा कापायचा न्हाई.

हा बस्त्याव आमच्या वाडीतल्या इगर्जीचा किल्लीवाला. नंदिगड्ड्याच्या अलीकडं रानात आमची वाडी, थोडी घरं ख्रिस्ती, थोडी कुनब्यांची. इगर्ज म्हंजे तरी काय, एक कौलारू खोली आन वर क्रूस. बाजूला दगडी गडगा घातलेलं कबरींचं आवार. पाद्रीबाब महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, म्हंजे मधल्या दिवसांचा राजा बस्त्याव. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, चालताना खुळखुळ वाजनार. कुनी कुठं बसायचं, कुनाला गडग्याच्या आत पुरायचं आन कुनाला बाहेर, सगळं ह्यानं ठरवायचं. अर्धी जळलेली मेनबत्ती फुंकून घरी न्यायचा, आन वर आम्हाला दानधर्म शिकवायचा!

माझं नाव रेजीन. माहेर खानापूरकडचं. नवरा सांतान रानात लाकूड कापायच्या कामाला. गरीब मानूस, मुंगी दिसली तर पाय बाजूला टाकनारा. घरातला सगळा राग देवानं माझ्याच वाट्याला घातला.

आता ह्या रागाचं कारन ऐका. माझा पेद्रू भर पावसात जन्मला. ओढ्याला पूर होता, म्हनून आमची सुईन गिरजाआक्का पलीकडच्या तीरावर अडकली. सासू आदल्या वर्षी वारलेली. घरात मी आन सांतान दोघंच. पोर बाहेर आलं ते निळसर, रडलं ते मांजराच्या पिल्लागत. बघताक्षनी कळलं की हे टिकत न्हाई. आमच्यात असं पोर मरायच्या आधी बाप्तिस्मा द्यावा लागतो. पाद्री नसला तरी चालतं, डोक्यावर पानी घालायचं आन शब्द म्हनायचे. तेवढं झालं की पोर देवाचं. न्हाई झालं तर ते गडग्याच्या बाहेर.

पन आमच्या बायकांनी एक शास्त्र करून ठेवलंय. म्हने आईबापानं आपल्या पोराला पानी घालायचं न्हाई. घातलं तर आई त्या पोराची धर्माची आई होते, आन मग नवराबायको नवराबायको राहत न्हाईत, घरातल्या घरात पाप लागतं. मला हे सासूनं सांगितलेलं, तिला तिच्या सासूनं. म्हनून सांतान पळाला बस्त्यावकडं, कारन शब्द येनारा शेजारी तोच.

बस्त्याव ताटावर बसला होता. म्हनाला, "जेवून येतो." सांतान त्याच्या दारात पावसात उभा राहिला. हा माझा खुळा नवरा, ताटावरच्या मानसाला हात धरून उठवायचं सोडून उभा राहिला! आन तो आमटी ओरपत बसला.

इकडं मी दाराकडं बघतेय, पोराकडं बघतेय. त्याचे ओठ काळे पडत चालले. शेवटी मी म्हनलं, जळो ते नवराबायकोपन! पेल्यात पानी घेतलं, पेद्रू म्हनून नाव घेतलं, शब्द म्हनले आन कपाळावर धार सोडली. पानी लागल्यावर त्याचा खालचा ओठ हलला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मग थांबला तो थांबला. त्याच्यानंतर बस्त्याव आला, पंचानं मिशी पुसत.

तेव्हाचे पाद्रीबाब गोव्याचे, म्हातारे. ते आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हनाले, जिनं पाणी घातलं तिचीच साक्ष मी कशी धरू? दुसऱ्या कुणी पाहिलं? सांतान तर बस्त्यावच्या मागनं आत आलेला. तेवढ्यात बस्त्याव पुढं झाला आन छातीवर हात ठेवून म्हनाला, "मी बघितलं, पाद्रीबाब. पोर आधीच गार पडलं होतं. हिनं मागनं पानी ओतलं."

जीभ उचलून टाळ्याला लावली मेल्यानं! खरं सांगितलं असतं तर कुनीतरी विचारलं असतं, बाबा, तू इतका वेळ कुठं होतास? एका जेवनापायी आपली लाज झाकायला त्यानं माझं पोर बाहेर टाकलं. गडग्याच्या पलीकडं, बांबूच्या बेटाखाली, जिथं दुपारची गुरं बसतात. मी रोज जायची, शेन काढायची आन यायची. त्याच्यानंतर माझी कूस उजवलीच न्हाई.

सांतान म्हनायचा, "सोड गे आता." मी काय सोडनार? सुंभ जळालं तरी पीळ जात न्हाई, तसली मी. वाडीत मी बस्त्यावशी बोलत न्हवते. त्याच्या घरावरनं जाताना थुंकून जायची. तो मान खाली घालायचा, मी समजायची, खाई त्याला खवखवे. पन मान खाली घातल्यानं माझं पोर आत येत न्हवतं.

मग गोव्याची हद्द बंद झाली. मीठ-मासळी थांबली, तसे गोव्याचे पाद्रीपन थांबले. बेळगावकडनं नवीन पाद्रीबाब यायला लागले, तरने, चष्मेवाले, बोलायला गोड. एका रविवारी ते देवाच्या कृपेवर सांगत होते. देव कृपा देतो, पण कुणाच्या घशात कोंबत नाही. माणूस तिला नाही म्हणू शकतो, असं म्हनाले.

बस्त्यावला राहवतंय थोडंच? पहिल्या बाकावरनं उठला. "पाद्रीबाब, देवापुढं मानसाचं काय चालतंय? लोंढ्याच्या रेल्वेत एक प्रोटेस्टंट गार्ड हाय, तोबी हेच म्हनतो. देवाच्या मनात आलं की तो करून घेतोच."

"नाही बस्त्याव," पाद्रीबाब हसले. "जबरदस्तीनं करून घेतलं तर त्याला प्रेम कोण म्हणेल? तुमचा गार्ड भला माणूस असेल, पण आपली शिकवण तशी नाही. दार आतून लावता येतं."

सगळ्या बायकांनी बोटांनी छातीवर क्रूस काढला, अगं बाई, देवाला कोन न्हाई म्हनेल! मी मागच्या बाकावर बसून मनात म्हनलं, मी म्हनेन. ज्या दिवशी तो मला बस्त्यावला माफ कर म्हनून सांगायला येईल, त्या दिवशी त्याच्या तोंडावर दार लावीन. लई बरं वाटलं मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका पाद्र्यानं माझ्या कामाचं काहीतरी सांगितलं होतं.

त्याच साली फेस्ताच्या, म्हंजे इगर्जीच्या सनाच्या आधी बस्त्याव पाद्रीबाबांना आनायला बैलगाडी घेऊन लोंढ्याला गेला. त्याचा मुलगा जुजे रानात कामावर. बायको कधीच वारलेली. घरात एकटी सून मोनिका, पोटुशी, दिवस भरायला अजून अवकाश होता. आन सकाळच्या पारी तिचं पोट दुखायला लागलं.

मी अंगनात भात वाळत घालत होते. गिरजाआक्का बस्त्यावच्या ओसरीवरनं ओरडली, "रेजीन! ये गे लौकर! पोर काय बरं दिसंना."

ही गिरजाआक्का कुनबी. देवळातली तुळस आन आमच्या घरातला क्रूस, दोन्हीला हात जोडनारी. अख्ख्या वाडीची पोरं तिच्याच हातावर आलेली, कुनब्यांचीपन आन आमचीपन. तिला माझा आन बस्त्यावचा दावा ठाऊक होता. तरी मलाच हाक मारली, कारन शब्द येनारं मानूस त्या घडीला वाडीत मीच होते.

मी गेले. मदतीला न्हाई, बघायला गेले. देवानं माझं ऐकलं की काय, ते बघायला.

आत मोनिका पडली होती, पांढरीफटक. मला बघून म्हनाली, "रेजीनबाय, तू आलीस, बरं झालं." एवढं बोलून तिची शुद्ध गेली. गिरजाच्या हातात पोर, मुलगी, मुठीएवढी. निळसर. मांजराच्या पिल्लागत आवाज. अगदी तसंच पोर, तोच रंग. आन मग मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? झाला. मनात म्हनलं, बस्त्याव, आता तू घे जेवून.

"पानी घाल की," गिरजा म्हनाली. "तुमच्यात घालतात न्हवं?"

"ते माझं काम न्हाई."

"आन मग कुनाचं?"

"ज्याच्या कमरेला किल्ल्या हायत, त्याचं."

"अगं तो लोंढ्याला गेलाय! हात मोडला काय तुझा?"

मी हात छातीशी बांधले आन भिंतीला टेकून बसले. कोपऱ्यात तांब्या होता, माझ्या गुडघ्यापासनं वीतभर लांब. आता मी सांगते ते खरं माना की खोटं माना. माझा हात सुटला. मी सोडला न्हाई, तो आपसूक सुटला आन तांब्याकडं गेला. आतनं कुनीतरी म्हनत होतं, घे, पेद्रूसाठी घेतलं होतंस तसंच घे. मला कळलं हे कोन बोलतंय. मी दुसऱ्या हातानं तो हात धरून मागं ओढला आन काखेत दाबून धरला. मनात म्हनलं, तू तेव्हा कुठं होतास? तेव्हा तुझा किल्लीवाला आमटी ओरपत होता आन तू गप्प होतास. आता मला सांगायला आलास? चल हो बाजूला!

देवाला असं बोलले. वीज पडली न्हाई, काय न्हाई. पाद्रीबाबांचं खरं निघालं. न्हाई म्हनता येतं.

गिरजानं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं. तिनं शिवी दिली न्हाई, बघितलं फक्त, आन ते शिवीपेक्षा वाईट होतं. "बरं," ती म्हनाली. "शब्द तरी सांग. मी घालते."

मी काखेतला हात आनखी घट्ट दाबला.

"न्हाई सांगत? राहू दे. तुमच्या घरात इतकी बाळंतपनं केली, माझे कान काय फुटलेत?"

तिनं पोराला डाव्या हातावर घेतलं, उजव्या हातानं तांब्या कलता केला. तो वार मंगळवार होता, तिला तेच नाव सुचलं. म्हनाली, "मंगल, मी तुला बापाच्या, पुत्राच्या आन पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते." एक शब्द चुकली न्हाई. पानी कपाळावर पडलं, भुवईवरनं वाहत कानाच्या मागं गेलं. पोरगी दचकली. मी बघत होते, नजर हलवता येत न्हवती. सूर्य डोक्यावर यायच्या आत ती गेली.

मी घरी आले आन भात परतायला बसले. मनात म्हनलं, कुनबिनीच्या हातचं पानी! त्याला कोन विचारतंय? ती इगर्जीची पायरी चढलेली न्हाई, तिनं दिलेला बाप्तिस्मा कसला बाप्तिस्मा? पोर बाहेरच जानार. बांबूखाली, माझ्या पेद्रूच्या शेजारी. आता बस्त्याव येईल रोज शेन काढायला. संध्याकाळी मी सांतानला भाकरीबरोबर सुक्या मासळीचं कालवन केलं. तो म्हनाला, "आज काय हाय गे?" मी म्हनलं, "फेस्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीबाबांना घेऊन बस्त्यावची गाडी आली. जुजे रानातनं आदल्या दिवशीच आलेला. मोनिका वाचली होती, पन उठत न्हवती. सगळी वाडी आवाराच्या दाराशी जमली. मीपन गेले, पुढं जाऊन उभी राहिले, चांगलं दिसावं म्हनून.

बस्त्यावच्या हातात पेटी होती, सागवानी फळ्यांची, हातभर लांब. गिरजानं त्याला सांगितलं होतं, तरी तो माझ्यासारखाच समजला होता. कुनबिनीचं पानी म्हंजे काहीच न्हाई. त्यानं पाद्रीबाबांकडं न बघताच म्हटलं, "पोर तसंच गेलं. मी बाहेर खड्डा काढतो." किल्ल्या कमरेला होत्या, पन त्यानं दार उघडलं न्हाई. त्याचंच शास्त्र त्याच्या गळ्यात आलं होतं. मी पोटभर बघितलं. करावं तसं भरावं, हे मी कितीदा ऐकलं होतं, पन डोळ्यांनी बघायला मिळनं वेगळं.

तेवढ्यात गिरजा दाराबाहेरनं मोठ्यानं म्हनाली, "तसंच कसं? मी घातलंय की पानी!"

पाद्रीबाब वळले. "तू? कसलं पाणी घातलंस?"

"तांब्यातलं. विहिरीचं."

"आणि काय म्हणालीस?"

तिनं म्हनून दाखवलं. नावासकट.

"का घातलंस? तुला काय वाटलं?"

"मला काय वाटनार, पाद्रीबाब? तुमच्या देवाचं पोर तुमच्या देवाकडं जावं, म्हनून घातलं. आमच्या देवाकडं गेलं असतं तर त्यानंबी ठेवून घेतलं असतं, पन आईबापाला चैन पडली नसती."

पाद्रीबाबांनी त्या पेटीवर हात ठेवला. मग म्हनाले, "हा बाप्तिस्मा खरा आहे. पाणी खरं, शब्द खरे, मन खरं. देणारा ख्रिस्तीच पाहिजे असं नाही. कुणीही देऊ शकतं."

कुनीही! बायका कुजबुजायला लागल्या. बस्त्यावनं पेटी छातीशी घट्ट धरली आन पहिल्यांदा मान वर केली.

"पण," पाद्रीबाब म्हनाले, "जिनं दिला तिचीच साक्ष पुरत नाही. आणखी कुणी पाहिलं?"

गिरजानं बोट दाखवलं न्हाई. दाखवायची गरजच न्हवती. सगळी वाडी माझ्याकडं वळली.

अहाहा! काय घडी होती ती! बस्त्यावची नात आत जाते की बाहेर, ते माझ्या जिभेवर. मी एवढंच म्हनायचं होतं, 'पानी दुपट्यावर पडलं, पाद्रीबाब, कातडीला लागलं न्हाई.' संपलं. गिरजाला कुनी खोटं म्हटलं नसतं, म्हातारीची नजर चुकली म्हटलं असतं. ते वाक्य मी घरनंच तयार करून आनल्यागत ओठावर होतं. बस्त्याव माझ्याकडं बघत होता. हात जोडले न्हाईत त्यानं. नुसतं म्हनाला, "रेजीन..."

मी तोंड उघडलं. आन उघडल्या तोंडानं थांबले. कारन मला एकदम दिसलं की हे वाक्य मी म्हनलं तर बस्त्याव सुटनार. आज रडेल, उद्या म्हनेल, चला, मीबी बोललो होतो, तीबी बोलली, फिट्टंफाट. माझं खोटं त्याच्या खोट्यावर पांघरून होऊन बसनार. मी ह्याला पांघरून घालू? ह्या जन्मात न्हाई. ह्याला मी सगळ्यांच्या देखत उघडा करनार, आन खोट्यानं खोटं उघडं पडत न्हाई.

"पडलं," मी ओरडून म्हनलं. "कपाळावर पडलं, भुवईवरनं कानामागं गेलं. पोर जितं होतं, दचकलं. मी बघितलं."

बस्त्यावच्या तोंडातनं कसला तरी आवाज निघाला. पन पाद्रीबाब माझ्याकडंच बघत होते. "रेजीन, तू तिथं होतीस. तुला शब्द येतात. मग गिरजाबाईंना का घालावं लागलं?"

हे मी धरलंच न्हवतं. पन आता मागं कोन हटतंय!

"कारन मी हात बांधून बसले होते! मुद्दाम. हिनं दोनदा सांगितलं, मी उठले न्हाई. मला हे पोर बाहेर पाहिजे होतं. माझ्याजवळ पाहिजे होतं." बायकांनी तोंडावर पदर घेतला. सांतान गर्दीत होता, त्यानं डोळे मिटले. मी बस्त्यावकडं वळले. "ऐकलंस? साक्ष अशी देतात. माझी अब्रू गेली तरी बघितलं ते सांगितलं, दुश्मनाच्या नातीसाठी. आता तू सांग. माझ्या पेद्रूच्या वेळेला तू काय बघितलंस?"

जुजे बापाकडं बघत होता. बस्त्याव खाली बसला, पेटी मांडीवर घेऊन, मातीत.

"काही न्हाई," तो म्हनाला. "काही बघितलं न्हाई, पाद्रीबाब. मी आलो तेव्हा पानी घालून झालं होतं. पोराचं कपाळ ओलं होतं. पोर आधी गेलं की नंतर, मला काय ठाऊक? मी जेवत होतो. सांतान पावसात उभा होता, आन मी दुसऱ्यांदा भात घेतला." मग तो रडायला लागला, मोठ्या मानसानं रडू नये तसा. "मला लाज वाटली, म्हनून बोललो. रोज वाटते."

दुसऱ्यांदा भात घेतला! हे मला ठाऊक न्हवतं. सांतानला ठाऊक होतं, त्यानं मला सांगितलं न्हवतं, मी मानूस मारीन म्हनून.

पाद्रीबाबांनी चष्मा काढून पुसला. म्हनाले, "मग त्या साक्षीला काही अर्थ नाही. आईनं पाणी घातलं, बरोबर केलं. दुसरं कुणी नसेल तर आईनंच घालायचं असतं, त्यानं नवराबायकोचं काही बिघडत नाही. संशय असला तर तो पोराच्या बाजूनं धरायचा. दोन्ही पोरं आत येतील."

मी तिथं उभी होते. नवराबायकोचं काही बिघडत न्हाई. म्हंजे मी पहिल्याच घडीला घातलं असतं तरी चाललं असतं. कुनाची वाट बघायला नको होती, बस्त्यावचीपन न्हाई. हे मला कुनी सांगितलंच न्हवतं. त्या म्हाताऱ्या बायांना आता कुठं शोधू?

सांताननं फावडं घेतलं. बांबूखालची माती त्यानं एकट्यानं काढली, कुनाला हात लावू दिला न्हाई. जे काय हाताला लागलं ते माझ्या लुगड्याच्या पदरात घातलं, आन मी ते गडग्याच्या आत नेलं. दार बस्त्यावनं उघडलं. त्याच्या हाताला किल्ली लागेना, जुजेनं लावून दिली. मी रडले, भोकाड पसरून रडले. गिरजाआक्का दाराबाहेर उभी होती, पाद्रीबाबांनी तिला आत बोलावलं आन ती चपला काढून आली.

सगळं आटपल्यावर पाद्रीबाब माझ्याजवळ आले. सावकाश म्हनाले, "रेजीन, काल तू देवाला नाही म्हणालीस. आज तुझ्याच तोंडून त्यानं दोन पोरं आत घेतली. आता ह्या माणसाला क्षमा कर."

मला असा संताप आला! म्हंजे माझा सूड, माझा इतक्या वर्षांचा सूड, तोपन त्यानं आपल्या कामाला जुंपला? मी बस्त्यावला उघडा करायला गेले, आन देवानं त्याच्यात आपलं साधून घेतलं?

"तुम्हीच म्हनता न्हाई म्हनता येतं," मी म्हनलं. "मग काल मी न्हाई म्हनले, आन आज?"

"आज तू नाही म्हणू शकत होतीस. ओठावर होतं तुझ्या. मी पाहिलं."

"मग का म्हनले न्हाई?"

"ते मला कसं माहीत असणार?" ते म्हनाले. "क्षमा करतेस का?"

"न्हाई."

ते रागावले न्हाईत. "बरं," म्हनाले, आन बस्त्यावला उठवायला गेले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गोवा सुटला, हद्द उघडली, ते पाद्रीबाब बदलून गेले. गिरजाआक्का गेली, तिच्या मर्तिकाला आमची सगळी वाडी होती. बस्त्याव थकलाय, किल्ल्या जुजेकडं हायत. रविवारी तो दाराशी बसतो आन मी आले की काठी टेकून उभा राहतो. मी बघत न्हाई.

पन सकाळी चूल पेटवायच्या आधी, अजून कुनी उठलेलं नसतं तेव्हा, ते पुन्हा येतं. त्या दिवशी हाताला आलं होतं तेच. विचारतं, आज? मी म्हनते, न्हाई. फुंकनी घेते, जाळ करते, कामाला लागते. एक दिवस चुकला न्हाई, त्याचापन न्हाई आन माझापन न्हाई. तुम्ही म्हनाल, रेजीन जिंकली, देवालासुद्धा अडवून धरलंय बाईनं. व्हय, धरलंय. पन मग एवढं सांगा, हरलेला मानूस रोज पहाटे उठून दारात कशाला येईल? आन मी तरी, तो यायच्या आधीच जागी होऊन, त्याची वाट बघत कशाला पडते?